पालथा हात

१

दाराला आधी हात लावून बघायचा, तोही पालथा. पट्टीबाईला हे अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. दार गरम लागलं तर पलीकडे आग आहे असं समजायचं आणि ते उघडायचं नाही. थंड लागलं तर खुशाल उघडायचं. "पण तळवा का नाही लावायचा?" तिने विचारलं होतं, कारण विचारल्याशिवाय तिला राहवतच नसे. शिकवणारा म्हणाला, "तळवा भाजला तर कडी कशानं काढाल, बाई?" तिला ते पटलं होतं.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं. मजल्यावर सगळ्या तिला पट्टीबाईच म्हणत, कारण प्रशिक्षणाहून ती परतली तीच मुळी दंडाला लाल पट्टी बांधून. त्या पट्टीबरोबर एक शिट्टी, औषधपेटीची किल्ली, एक तक्ता आणि रोज सकाळी दहाला मजल्याला एक फेरी एवढं गळ्यात पडलं. वर मैत्रिणींची थट्टा फुकट.

कारखाना शर्टांचा. दुसऱ्या मजल्यावर शिलाईच्या आठ रांगा, आणि मशीनवर सगळ्या बायका. मजल्याला दारं दोन. पुढचं रोजचं, रुंद जिन्याचं. मागचं संकटकाळचं: करड्या रंगाचं लोखंडी दार, त्यावर हिरवा दिवा, दिव्यात पळणारा माणूस. दाराबाहेर भिंतीला धरून खाली उतरणारा लोखंडी जिना. आणि त्या दाराला कुलूप होतं.

बरं, कुलूप असावं तर आतून तरी असावं की नाही! ते होतं बाहेरून. बायका त्या जिन्याने शर्ट पळवतील म्हणून मॅनेजर साहेबांनी लावून घेतलेलं. आतल्यांनी पळायचं दार, आणि कुलूप बाहेरून! ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याचा सत्कारच करायला हवा. पट्टीबाई पहिल्या आठवड्यात यावरून भांडली, दुसऱ्या आठवड्यात भांडली, मग महिन्यातून एकदा भांडू लागली. साहेब दर वेळी म्हणत, "करू हं, बाई. बघू."

सरावाची तऱ्हा तर विचारूच नका. वर्षातून दोनदा तपासणी अधिकारी यायचे. त्या दिवशी मशीनं आधीच बंद व्हायची. बायका पर्स घेऊन, केस सारखे करून, गप्पा मारत पुढच्या जिन्याने खाली उतरायच्या आणि आवारात रांगेत उभ्या राहायच्या. सगळ्या उतरल्या की साहेब फाटकाजवळचं बटण दाबायचे आणि भोंगा वाजायचा. तो वाजायचा तेव्हा वर मजल्यावर चिटपाखरू नसायचं. कागदावर लिहिलं जायचं: मजला दोन मिनिटांत रिकामा. अधिकाऱ्यांची सही, चहा, आणि सगळ्या परत वर.

२

तक्त्यावर शेवटचा रकाना होता, "दार थंड आहे." पट्टीबाई रोज पालथा हात लावायची आणि खूण करायची. बाकीच्या हसायच्या. "काय ग, ताप आहे का त्याला?" पहिल्या रांगेतून कुणीतरी हमखास विचारायचं.

त्या सोमवारी तिने हात लावला आणि लगेच काढला. मग पुन्हा लावला. दार कोमट होतं.

उन्हाने तापलं असेल, हे पहिलं मनात आलं. पण दाराची बाजू उत्तरेची. तिथे सकाळी सोडाच, दुपारीसुद्धा ऊन पोचत नाही. इस्त्रीची टेबलं मजल्याच्या दुसऱ्या टोकाला होती. भिंतीत तारा नव्हत्या, नळ नव्हते. तिने शेजारच्या भिंतीला हात लावला. भिंत गार.

"आहे का ताप?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

"थोडा आहे," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

जेवणाच्या सुट्टीत ती आवारातून लोखंडी जिना चढून वर गेली. कुलूप गंजून लाल झालं होतं. तिने ते ओढून बघितलं, ढिम्म हललं नाही. मग दाराला बाहेरून पालथा हात लावला. तिथे ते चांगलं थंडगार होतं. एकाच पत्र्याची एक बाजू कोमट, दुसरी थंड! तिने हात पुन्हा लावून बघितला, तसंच थंड. खालून वॉचमन ओरडला, "ओ बाई, उतरा खाली! साहेब मला बोलतील."

मंगळवारी दार आणखी गरम होतं. तक्त्यावर तिने त्या रकान्यात फुली मारली. संध्याकाळी सुपरवायझरने फुली खोडून बरोबरची खूण केली, आणि वर तिलाच म्हणाला, "तक्ता खराब करू नका हो."

३

तपासणी जवळ आली की दाराला रंग लागायचा. कुलूप निघायचं नाही, पण रंग दर खेपेला ताजा. रंगारी म्हातारा होता, कामाला चोख. त्याने दार घासलं, पुसलं, रंगाचे दोन हात दिले आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा बोलावलं.

दारावर पंजे उमटले होते.

रंग वाळायच्या आत कुणीतरी हात लावला, असंच कुणालाही वाटलं असतं. पण ते हात रंगावर नव्हते, रंगाच्या खाली होते. आतून वर आल्यासारखे. छातीच्या उंचीवर बोटं पसरलेले, काही एकमेकांवर चढलेले. दार ढकलताना हात जसे पडतात तसे.

"ओल आहे, बाई," रंगारी म्हणाला.

"ओल अशी पाच बोटांची येते?"

"ओल कशीही येते." पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही. सगळं घासून काढलं, पत्रा उघडा केला. पत्र्यावर काही नव्हतं. नवा रंग दिला. संध्याकाळपर्यंत पंजे परत वर आले, या वेळी जास्त ठळक. रंगाऱ्याने ब्रश गुंडाळला, डबा उचलला आणि म्हणाला, "मी काही आता ह्या दाराला हात लावणार नाही. दुसरा माणूस बघा."

साहेबांनी दुसरा माणूस बघितला नाही. त्यांनी दारासमोर कापडाचे गठ्ठे रचायला सांगितले. म्हणे पंजे तपासणीपुरते दिसायला नकोत! ज्या दारातून जीव वाचवायचा ते दार झाकायला गठ्ठे! पट्टीबाईच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिने एकटीने ते गठ्ठे ओढून बाजूला केले. मग चार जणी मदतीला आल्या.

पायाभरणीपासून तिथे असलेल्या वॉचमनला तिने विचारलं, "इथे कधी आग लागली होती का हो? कुणी गेलं होतं का?"

"छे! इमारत नवी आहे. साधी ठिणगी पडली नाही कधी."

तिला वाटलं, हो म्हणाला असता तर बरं झालं असतं.

४

शिलाईच्या शेवटच्या रांगेत, दाराला अगदी लागून, तिची धाकटी नणंद बसायची. घरात तिला धाकटीच म्हणत, म्हणून मजल्यावरही धाकटीच. आधीच्या ठिकाणी कापड कापायच्या मशीनमध्ये तिच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं होतं. पट्टीबाईने लग्न होऊन आल्यावर तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिचा अभ्यास घेतला होता, आणि बोट गेलं तेव्हा दवाखान्यात रात्रभर तिला मांडीवर घेऊन बसली होती. ते बोट तिला डोळे मिटूनसुद्धा ओळखू आलं असतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या फेरीत तिने दाराकडे बघितलं आणि ती आणखी जवळ गेली. वरच्या बाजूला एक डावा पंजा होता. चार बोटं पूर्ण. अनामिका अर्धी.

ती सरळ सुपरवायझरकडे गेली आणि तिने धाकटीची बदली तळमजल्यावर, पॅकिंगमध्ये मागून घेतली. पॅकिंगचं दार थेट आवारात उघडतं.

धाकटी भडकली. "वहिनी, तिथे दिवसभर उभं राहायचं असतं! माझ्या पायांचं वाटोळं होईल."

"होऊ दे वाटोळं."

"अगं पण का? मी काय केलंय?"

"मी सांगते म्हणून. घरी आल्यावर हवं तेवढं भांड."

धाकटी पाय आपटत खाली गेली. त्या रात्री घरी तिने वहिनीशी अबोला धरला. पट्टीबाईला आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

शुक्रवारी अर्धं बोट दारावर नव्हतं. पट्टीबाईने कपाळाला हात लावला, डोळे मिटले, आणि उघडून परत बघितलं. खरंच नव्हतं. पण ती जागा रिकामीही नव्हती. तिथे आता दुसरा पंजा होता, रुंद, जाड बोटांचा. त्याच्या तर्जनीवर बोटाच्या रेषाच नव्हत्या. मधोमध एक सपाट, चौकोनी तुकडा होता.

धाकटीच्या मशीनवर त्या दिवशी नवी बाई बसली होती. हसरी, रुंद हाताची, दोन लेकरांची आई. पट्टीबाई मुद्दाम तिच्याजवळ गेली आणि तिचे हात निरखून बघितले. दोन्ही हात धडधाकट, सगळ्या बोटांवर रेषा.

"काय बघताय, ताई?" नवीने हसत विचारलं. "भविष्य सांगता का?"

"नाही ग," पट्टीबाई म्हणाली. "माझा गैरसमज झाला."

५

मंगळवारी दुपारी नवीच्या बोटात सुई गेली.

मोठं काही नव्हतं. शिलाईत हे होतंच, सुई आरपार गेली नाही म्हणजे नशीब. नवी ओठ दाबून उभी होती, आणि औषधपेटीची किल्ली पट्टीबाईकडे. तिने कापूस लावला, रक्त थांबवलं, चिकटपट्टी काढली. "कुठलं बोट?" विचारायचीही गरज नव्हती, तरी तिने विचारलं.

"हे. अंगठ्याच्या शेजारचं."

पट्टीबाईने पट्टी बोटाभोवती गुंडाळली आणि अंगठ्याने सपाट दाबली. मधोमध कापसाचा चौकोन वर आला. ती तो चौकोन बघत राहिली.

"ताई, दुखतंय. सोडा ना."

तिने हात सोडला. "ही पट्टी किती दिवस ठेवशील?" तिने विचारलं.

"जखम भरेपर्यंत. चार दिवस, फार तर. का हो?"

चार दिवस. शनिवारी सराव होता.

पट्टीबाई मशीनच्या आवाजात, दाराकडे पाठ करून उभी राहिली. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. आपलं माणूस खाली पाठवून ती कशी ढाराढूर झोपली होती! आणि त्या जागेवर दुसरीला आणून बसवलं होतं, दोन लेकरांच्या आईला. आता नवीलाही खाली पाठवलं तर तिसरी येणार. मशीन काही कुणी रिकामं ठेवत नाही. दाराला कुणाचा हात आहे याच्याशी देणंघेणंच नव्हतं. दाराला कुलूप होतं, एवढंच काय ते होतं.

६

साहेबांची केबिन थंड असायची.

"साहेब, ते कुलूप काढा. आज काढा."

"बाई, परत तेच?"

"परत तेच. दार आतून गरम लागतंय. हात लावून बघा. पंजे उमटलेत त्यावर, सगळ्यांनी बघितलेत."

"ओल आहे ती."

"ओल गरम असते होय?" ती टेबलावर वाकली. "मी तुम्हाला भुताखेताचं सांगायला आले नाही. ते सगळं बाजूला ठेवा. एकशेवीस बायका वर आहेत आणि एक दार बाहेरून बंद आहे. एवढं तरी तुम्हाला कळतं की नाही? तुमची मुलगी वर बसली असती तर ते कुलूप एक दिवस तरी राहिलं असतं का?"

साहेबांचा चेहरा जरा उतरला. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. "शनिवारी अधिकारी येणारच आहेत," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळीच काढून ठेवतो. शब्द देतो."

"किल्ली कुणाकडे आहे?"

"आहे इथेच कुठेतरी. जुडग्यात असेल."

"दाखवा."

त्यांनी खण उघडला, बंद केला, दुसरा उघडला. मग फोन वाजला आणि त्यांनी तिला हाताने जायची खूण केली.

७

शनिवारी सकाळी आवारातून वर बघितलं तर कुलूप जागच्या जागी.

पट्टीबाईला आश्चर्य वाटलं नाही, संताप आला. ती वर गेली, मशीनं थांबल्यावर रांगांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने शिट्टी फुंकली.

"आज कुणी खाली उतरायचं नाही," ती म्हणाली. "आज आपण मागच्या दारापाशी उभं राहायचं. ते उघडलं की त्याच जिन्याने उतरायचं. अधिकाऱ्यांना खाली वाट बघू दे. सगळ्यांसमोर साहेबांना ते कुलूप काढू दे. नाटक पुरे झालं."

तिला वाटलं होतं वाद होईल. झाला नाही. त्या दाराचा राग काय तिला एकटीला होता? पहिल्या रांगेतली, रोज तापाची चौकशी करणारी, सगळ्यांत आधी उठली. नवी उठली, बोटाची पट्टी सांभाळत. बघता बघता सगळा मजला मागच्या बाजूला गोळा झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी घोषणा दिली, हशा पिकला. सुपरवायझर तणतणत साहेबांना सांगायला खाली पळाला.

पाच मिनिटं गेली असतील. भोंगा वाजला.

"बघा, घाबरले साहेब!" कुणीतरी ओरडलं. "आपण वर असतानाच बटण दाबलं!"

सगळ्या हसल्या. पट्टीबाईही हसली. मग तिने खिडकीतून खाली बघितलं.

साहेब फाटकाजवळ अधिकाऱ्यांच्या शेजारी उभे होते. दोघांच्या हातात चहाचे कप होते. बटण त्यांच्यापासून चार पावलांवर भिंतीवर होतं आणि त्याच्या आसपास कुणी नव्हतं. साहेब मान वर करून भोंग्याकडे बघत होते. तोंड उघडं होतं. पॅकिंगच्या मुली आवारात धावत येत होत्या, त्यांत धाकटी होती, आणि त्या सगळ्या तळमजल्यावर, पुढच्या जिन्याखाली बोट दाखवत होत्या. कातरणाच्या चिंध्यांचा ढीग तिथे असायचा, छताला टेकलेला.

पट्टीबाई वळली. पुढच्या दाराच्या फटीतून करडं काहीतरी जमिनीसरसं आत येत होतं. पहिल्या रांगेतली दोघी-तिघींना घेऊन तिकडे धावली, दार ढकललं, आणि खोकत मागे आली. "जिना दिसत नाही," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग सगळा मजला एकदम मागच्या दारावर आला.

पट्टीबाई गर्दीच्या पुढे होती. आपोआप, सवयीने, तिने पालथा हात दाराला लावला.

दार थंड होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थंडगार. उघडायला काही हरकत नाही असं दार.

"ढकला!" ती ओरडली.

हात तिच्या दोन्ही बाजूंनी, खांद्यांवरून, डोक्यावरून पुढे आले. शिलाईचे हात, सुईने टोचलेले, इस्त्रीने भाजलेले. नवीचा रुंद पंजा वर जाऊन टेकला, चिकटपट्टीचा चौकोन चौकोनावर बसला. तिच्या शेजारचा हात त्याच्या खुणेवर बसला. त्याच्या खालचा त्याच्या खुणेवर. कुणी बघत नव्हतं, कुणी जागा शोधत नव्हतं. प्रत्येकीचा हात नेमका स्वतःच्या हातावर पडत होता. दार हलत नव्हतं.

बाहेरच्या लोखंडी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. "वहिनी!" पत्र्यापलीकडून धाकटीचा आवाज आला, दम लागलेला, रडवेला. "वहिनी, मी जुडगा आणलाय! ह्यातली कुठली ग?"

मागून साहेबांचा आवाज जिना चढत आला. "मला कसं माहीत असणार? ते कधी उघडलंच नाही कुणी. एक मिनिट हं. एकच मिनिट, बाई."

एक किल्ली कुलुपात गेली आणि अडकली. धाकटीने ती ओढून काढली. दुसरी गेलीच नाही.

पट्टीबाईच्या चेहऱ्यासमोर, सगळ्या हातांच्या मधोमध, दारावर एकच पंजा मोकळा राहिला होता. स्वतःचा हात त्यावर ठेवून बघायचं तिला आजवर कधी सुचलंच नव्हतं. तिने तळवा उचलला.

बाहेर तिसरी किल्ली कुलुपात शिरली.